नोटीस कोंबड्यांना, कुत्रा मात्र मोकाट

प्रश्न : कराड तालुक्यातल्या एका गावात आमचं घर आहे. सासूबाईंच्या काळापासून परसात कोंबड्या आहेत. सध्या गावरान आणि कडकनाथ मिळून बारा कोंबड्या आणि एक कोंबडा. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर दोन वर्षांपूर्वी बंगला झाला. त्यांनी वकिलामार्फत नोटीस पाठवली आहे : घाण वास येतो, कोंबडा पहाटे आरवतो, पोल्ट्री वस्तीपासून ५०० मीटर लांब हवी, १५ दिवसांत सगळं हलवा. त्यांच्याच कुत्र्याने गेल्या महिन्यात आमच्या चार कोंबड्या मारल्या, त्यांत दोन कडकनाथ. भरपाई मागितली तर म्हणाले, "जाळी नीट लावा." कोंबड्या काढाव्या लागतील का? पोलिसांत जाऊ का?

उत्तर : ताई, वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. पंधरा दिवस उलटले म्हणून कोणी येऊन खुराडं उचलणार नाही. पण उत्तर न देता बसू नका. पुढे दावा झालाच तर "नोटिशीला उत्तरसुद्धा दिलं नाही" हे वाक्य तुमच्याविरुद्ध हमखास येतं.

५०० मीटरचा मुद्दा आधी निकालात काढू. ती अट केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोल्ट्री फार्मसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांतली आहे. ही तत्त्वं ५,००० आणि त्याहून जास्त पक्ष्यांच्या फार्मसाठी आहेत, परसातल्या डझनभर कोंबड्यांसाठी नव्हेत. हे उत्तरात स्पष्ट लिहा.

वासाचं मात्र तसं नाही. उपद्रव होतो की नाही हे कोर्ट पक्षी मोजून ठरवत नाही. शेजाऱ्याला स्वतःच्या घरात राहणं खरोखर त्रासाचं झालंय का, हे बघतं. "आम्ही आधीपासून आहोत, तुम्ही नंतर आलात" हा बचाव लोकांना फार भक्कम वाटतो, कोर्टात तो टिकत नाही. सुखाधिकार कायद्यातली (दुसऱ्याच्या जागेबाबत हक्क मिळवून देणारी) २० वर्षांची वहिवाटही इथे लागू करणं अवघड आहे, कारण प्लॉट मोकळा असताना त्रास कोणाला होत होता? तुम्ही सोबत पाठवलेल्या फोटोत खुराडं थेट सामाईक भिंतीला टेकलेलं आहे आणि विष्ठेचा ढीग त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. हा फोटो त्यांच्या वकिलाकडेही असेल असं धरून चला. खुराडं आवाराच्या दुसऱ्या टोकाला न्या, खाली भाताचं तूस पसरा, ओलं झालं की बदला, विष्ठा झाकलेल्या खड्ड्यात टाका. मग तारखेसह नवे फोटो काढा. मानमोडी (राणीखेत) या कोंबड्यांच्या रोगाची लस दिल्याच्या नोंदी असतील तर त्याही जोडा.

कोंबडा विकून टाका, असं मी सरळ सांगेन. अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही, पिल्लं काढायची असतील तरच लागतो. पहाटे चारच्या आरवण्यावरून दोन घरांनी वर्षानुवर्षं तारखांना जाण्यात कसलं शहाणपण? पिल्लं काढायचीच असतील तर खुडूक कोंबडीखाली दुसरीकडची अंडी ठेवता येतात.

शेजारी तहसीलदार-प्रांतांकडे जाण्याची धमकी देतील. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ सार्वजनिक उपद्रवासाठी आहे. एका घराची कुरबुर त्यात सहसा बसत नाही. ग्रामपंचायतीने अस्वच्छतेबद्दल विचारणा केली, तर मात्र तिला लेखी उत्तर द्या आणि जागा दाखवा.

आता कुत्रा. पोलिसांत जाऊन फार काही हाती लागणार नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ प्राण्याला ठार मारण्याबद्दल आहे, पण त्यात हेतू किंवा जाणीव लागते. कुत्रा आपणहून शिरला तर ते जमत नाही. कलम २९१ जनावर सांभाळण्यातल्या निष्काळजीपणाचं आहे, पण तिथे धोका माणसाच्या जिवाला किंवा त्याला गंभीर दुखापत होण्याचा असावा लागतो. उरते ती दिवाणी भरपाई. त्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. कुत्रा आधीही शिरला होता आणि तुम्ही त्यांना ते कळवलं होतं, असा एखादा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज सापडला तर तुमची बाजू बरीच भारी होते. मेलेल्या कोंबड्यांचे फोटो आणि कडकनाथ विकत घेतल्याची पावतीही शोधा. चार कोंबड्यांसाठी स्वतंत्र दावा लावू नका. नोटिशीच्या उत्तरातच रक्कम मागा. बोलणी झालीच तर हाच तुमचा हुकमी पत्ता आहे.

"जाळी लावा" हे त्यांचं बोलणं उद्धट असलं तरी कायद्यात त्याला वजन आहे. तुमचीही हयगय दिसली तर भरपाई कापली जाते. नेहमीची षटकोनी कोंबडीजाळी कोंबड्यांना आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. बारीक चौकोनाची वेल्डेड जाळी घ्या, मुंगूस आणि कुत्रा उकरतात म्हणून ती फूटभर जमिनीत गाडा, घारीसाठी वरूनही झाका, आणि दिवेलागणीला खुराड्याला कडी घाला. जाळीचं बिल जपून ठेवा. ती बसेपर्यंत कोंबड्या नजरेआड मोकळ्या सोडू नका. कुत्रा पुन्हा शिरला तर आता पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल.