एल्कच्या शिकारीसाठी महागडी रायफल आणि मॅग्नम काडतूस घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डेन्व्हरला स्थायिक झालात, येत्या ऑक्टोबरात पहिल्यांदाच एल्कच्या, म्हणजे इथल्या थोराड हरणाच्या, शिकारीला जायचंय, हाताशी चार हजार डॉलर आहेत. दुकानात सांगितलंय की एल्क दांडगं जनावर, त्याला .३०० विंचेस्टर मॅग्नम हे जास्त जोराचं काडतूसच लागतं, आणि कार्बनच्या नळीची तीन हजारांची रायफल एकदा घेतलीत की जन्मभर बघायला नको.

घेऊ नका. निदान पहिली रायफल म्हणून तरी नकोच. आठशे डॉलरच्या आतली साधी बोल्ट-ॲक्शन (दर बारानंतर हातानं खटका ओढून पुढचं काडतूस भरायची) रायफल घ्या, .३०८ किंवा .३०-०६ या नेहमीच्या काडतुसात, आणि उरलेल्या पैशांतला मोठा वाटा सरावाच्या काडतुसांवर घाला. मी कोलोरॅडोत बरीच वर्षं शिकार करतोय, रेंजवर नव्या लोकांना शिकवतो, आणि माझं हे मत दरवर्षी पक्कंच होत गेलंय.

आधी मॅग्नमचा हिशेब पाहू. .३०-०६ हे १९०६ साली अमेरिकी सैन्यानं स्वीकारलेलं काडतूस. .३०० विंचेस्टर मॅग्नम आलं १९६३ मध्ये. दोन्हींतल्या गोळीचा व्यास एकच. १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी .३०-०६ मधून साधारण २७०० फूट प्रति सेकंद वेगानं सुटते, मॅग्नममधून साधारण २९५० नं. म्हणजे वेग जेमतेम दहा टक्क्यांनी वाढला. त्यासाठी बंदुकीची दारू मात्र पंचवीस-तीस टक्के जास्त जळते. दोन्ही रायफली २०० यार्डांवर शून्य केल्या, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमकी नेमावर बसेल अशा लावल्या, तर ३०० यार्डांवर गोळीच्या घसरणीत दीड-दोन इंचांचा फरक पडतो आणि ४०० वर चार-पाच इंचांचा. ऊर्जेचं म्हणाल तर मॅग्नमची गोळी ३०० यार्डांवर जेवढी ताकद राखून असते, तेवढी .३०-०६ ची गोळी २०० यार्डांवर राखते. सगळा जादा खर्च हा या शंभर यार्डांसाठी आहे. ते तुम्हाला खरोखर लागणार आहेत का, हा विचार दुकानात कुणी करू देत नाही.

कोलोरॅडोचा नियमही बघा. एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर, लागल्यावर फुलणारी गोळी, तिचं वजन किमान ८५ ग्रेन आणि १०० यार्डांवर किमान १००० फूट-पौंड ऊर्जा. .३०-०६ त्या अंतरावर याच्या अडीचपट देते. स्वीडन-नॉर्वेत तर १८९४ च्या ६.५×५५ या हलक्या काडतुसावर मूस नावाचं हरीण मारतात, पिढ्यान् पिढ्या. मूस एल्कहून मोठा असतो.

आता धक्का. माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मर्म इथेच आहे. आठ पौंडांच्या रायफलीत .३०-०६ चा धक्का साधारण २० फूट-पौंड बसतो, .३०० मॅग्नमचा २६ च्या पुढे. आणि कार्बनच्या नळीची ती महागडी रायफल विकली जाते तीच मुळी हलकी म्हणून! रायफल हलकी झाली की धक्का आणखी वाढतो. बार करताना डोळा मिटणं, खांदा आखडणं, चाप दाबायच्या ऐवजी झटक्यानं ओढणं ही सवय शरीराला लागते आणि माणसाला ती लागल्याचं कळतही नाही. रेंजवर मी नव्या माणसाच्या रायफलीत न सांगता मोकळी पुंगळी भरतो. चाप दाबला जातो, बार होत नाही, आणि तरीही नळीचं तोंड खाली डुचकतं. मॅग्नम घेऊन आलेल्या नवशिक्यांत हे सर्रास दिसतं. अशा हातातून सुटलेली गोळी एल्कच्या फुप्फुसात जात नाही, पोटात जाते. मग तो जखमी प्राणी मैलोन् मैल जातो, रात्री कुठेतरी दाट झाडीत मरतो आणि कुणाच्याच हाती लागत नाही. यापेक्षा वाईट गोष्ट शिकारीत नाही. जनावर चटकन मरावं ही जबाबदारी आपली आहे, आणि ती जागेवर बसलेल्या गोळीनं पार पडते. पुंगळीवर काय नाव छापलंय त्यानं नाही.

‘नळीच्या तोंडाला मझल ब्रेक लावा, धक्का कमी होतो,’ असंही तुम्हाला सांगतील. होतो खरा. पण आवाज इतका भयंकर वाढतो की कान झाकल्याशिवाय एक बार झाला तरी तुमच्या आणि शेजारच्याच्या कानांचं कायमचं नुकसान होऊ शकतं. रानात ऐन वेळी कान झाकायला सवड मिळेलच असं नाही.

काडतुसापेक्षा गोळी महत्त्वाची, हे मात्र नीट समजून घ्या, कारण इथे थोडे जास्त पैसे मोजण्यात अर्थ आहे. जॉन नॉस्लर नावाचा शिकारी १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात मूसच्या मागावर होता. हातात .३०० एच अँड एच मॅग्नम होती, म्हणजे ताकद भरपूर. तरी गोळ्या वरवरच फुटून गेल्या, आत शिरल्याच नाहीत. त्या काळच्या गोळ्या एवढा वेग सोसायला बनलेल्याच नव्हत्या. त्यावरून त्यानं मधोमध भिंत असलेली गोळी तयार केली: पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून खोल जातो. १९४८ मध्ये त्यानं कंपनी काढली आणि ती ‘पार्टिशन’ गोळी आजही विकली जाते. आता अखंड तांब्याच्या गोळ्याही मिळतात. त्या वजन टिकवतात आणि मांसात शिशाचे कण सोडत नाहीत. घरात लहान मुलं तेच मांस खाणार असतील तर मी तांब्याचीच गोळी सुचवेन. चांगल्या गोळीच्या खोक्याला वीस-तीस डॉलर जास्त पडतात. हा खर्च डोळे झाकून करा.

आपल्याकडच्या वाचकांना जिम कॉर्बेट माहीत असतात. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये त्यांना एक रायफल भेट मिळाली, .२७५ रिग्बी. हे काडतूस म्हणजे १८९२ चं ७×५७ माउझर, आजच्या हिशेबानं अगदी सौम्य. ती रायफल त्यांनी वर्षानुवर्षं वापरली. कॉर्बेट जवळ जायचे, थांबायचे, आणि खात्री झाल्यावरच चाप दाबायचे.

मग महाग रायफलीत मिळतं तरी काय? वजन कमी, नळी काळजीपूर्वक घासलेली, चाप मुलायम, दस्ता नेमका, रंगसफाई सुंदर. हे सगळं खरं आहे, फसवणूक नाही. पण अचूकतेत आज फारसा फरक उरलेला नाही. रूगर अमेरिकन, सॅव्हेज किंवा फिनलंडची टिका घ्या, या रायफली १०० यार्डांवर इंच-दीड इंचात गोळ्या टाकतात. टिका तर बरेचदा त्याहून बरं करते. दीड इंच म्हणजे ३०० यार्डांवर साडेचार. एल्कच्या छातीतला वर्माचा भाग, म्हणजे हृदय-फुप्फुसांची जागा, फुटाहून मोठा असतो. अर्ध्या इंचात गोळ्या टाकणारी रायफल घेऊन आलेला माणूस बसल्या बैठकीतून, धापा टाकत, दहा इंचांत गोळ्या टाकतो, हे मी किती वेळा पाहिलंय. तिथे कमी रायफल पडत नाही, सराव पडतो.

शिवाय इथले एल्क, विशेषतः पहिले एक-दोन बार झाल्यावर, उघड्या कुरणात उभे राहत नाहीत. ते दाट पाइन-स्प्रूसमध्ये शिरतात, आणि तिथे २०० यार्डसुद्धा दिसत नाही.

मॅग्नम कुणी घ्यावी? अलास्कात तपकिरी अस्वलाच्या मागावर जाणाऱ्यानं मोठं काडतूस न्यावं. खुल्या मैदानात लांबून मारण्याचा ज्याचा खरोखर अभ्यास आहे, वर्षभर ज्याच्या नळीतून गोळ्या जातात, त्यानंही घ्यावी. बारा-तेरा हजार फुटांवर बिगहॉर्न मेंढ्यांमागे आठवडाभर चढणाऱ्याला हलक्या रायफलीचे जादा पैसे वसूल होतात. आणि कुणाला अक्रोडाच्या लाकडाचा कोरीव दस्ता मनापासून आवडत असेल, तर त्यानंही जरूर घ्यावा. सुंदर वस्तू जवळ असावी हे कारण मला पुरेसं वाटतं, फक्त ते कारण आहे हे स्वतःला ठाऊक असावं.

आपली अडचण वेगळी आहे. इथल्या पोरांना आजोबांची .३०-३० रायफल मिळते, दहाव्या वर्षी कुणीतरी शेजारी बसून चाप कसा दाबायचा ते शिकवतं. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली आणि ती योग्यच झाली. पण त्यामुळे आपल्या घरात हे ज्ञान उतरत नाही. मग आपण दुकानदाराला विचारतो, आणि ती उणीव पैशानं भरून काढू पाहतो.

तुमचे चार हजार मी असे लावीन: रायफल सातशे, धड स्कोप चारशे-पाचशे. १०×४२ ची चांगली दुर्बीण चारशेला, कारण दिवसभर डोळ्याला तीच असते, रायफल नाही. अंतरमापक दोनशे, घोटा धरून ठेवणारे बूट तीनशे. एक .२२ (छोट्या, स्वस्त काडतुसाची) रायफल आणि तिची भरपूर काडतुसं, स्वस्तात सवय लागायला. बाकी सगळं .३०८ किंवा .३०-०६ ची काडतुसं. वीसचं साधं खोकं आज तीस ते पन्नास डॉलरला पडतं, मॅग्नमचं त्याहून बरंच महाग. मॅग्नम घेतलीत तर त्याच पैशांत तुमचे सरावाचे बार कितीतरी कमी होतील.

एक कायद्याची गोष्ट, कारण तुम्ही लिहिलं नाहीत. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर संघीय कायद्यानं बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. ज्या सवलती आहेत त्यांतली मुख्य म्हणजे चालू मुदतीचा शिकारीचा परवाना. म्हणून आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग परवाना, मग दुकान, हाच क्रम ठेवा आणि वकिलाला एकदा विचारा. ग्रीन कार्ड असेल तर ही अट लागू नाही.

जूनपासून सुरुवात करा. टेबलावरून शून्य करून झालं की टेबल सोडा. बसून, गुडघ्यावर, काठ्यांच्या आधारानं, थोडं पळून येऊन दम लागलेला असताना मारा. आठ इंचांची कागदी थाळी लावा. पाचही गोळ्या थाळीत पडतील असं सर्वांत लांबचं अंतर शोधा. या हंगामात एल्क त्याच्या पलीकडे उभा राहिला तर चाप दाबायचा नाही, जवळ जायचं.