प्रवाळ लावून पोट भरेल का?

नमस्कार,

तुमची मुलगी प्राणिशास्त्रात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मालवणच्या समुद्रात तिने प्रवाळ पाहिलं आणि आता मेलेल्या खडकांवर ते पुन्हा लावायचं काम करायचं म्हणते. तुमचे प्रश्न दोन: यात पोट भरेल का, आणि स्कुबाच्या मोठ्या कोर्सचे पैसे आत्ताच भरावेत का?

कोर्स आत्ता नको. डायव्हिंग पुढे तारकर्लीतही शिकता येईल. आधी एमएस्सी.

कारण या कामाची खरी अडचण लावण्यात नाही. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा अंशभर जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ आपल्या पेशींतलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. त्याचं बरंचसं अन्न हे शैवालच बनवतं, त्यामुळे पुढे उपासमार. लक्षद्वीपने हे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये पाहिलं, २०२४ मध्ये पुन्हा. तुतिकोरिनची एक संशोधन संस्था २००२ पासून मन्नारच्या आखातात प्रवाळाचे तुकडे बांधून वाढवते आहे. काम चांगलं आहे. पण फ्लोरिडात २०२३च्या उन्हाळ्यात सोम्ब्रेरो रीफ या प्रवाळखडकावरचं प्रवाळ, हाताने लावलेलं धरून, सगळं मेल्याचं लावणाऱ्या संस्थेनेच जाहीर केलं. रोपवाटिकांतलं प्रवाळ उचलून जमिनीवरच्या टाक्यांत हलवावं लागलं! तेव्हा कोणतं प्रवाळ ताप सोसतं, का सोसतं, हे शोधणाऱ्यांची गरज जास्त आहे. तिने तिकडे वळावं.

एमएस्सीसाठी गोवा विद्यापीठ जवळचं. माझी पसंती मात्र पाँडिचेरी विद्यापीठाच्या अंदमानातल्या पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम) केंद्राला. तिथे प्रवाळ दाराशी आहे. प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेशपरीक्षेतून. मग नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची संशोधनवृत्ती, मिळाली तर महिना ३७,००० रुपये, वर घरभाडे भत्ता. कायम जागा थोड्याच: दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, भारतीय प्राणी सर्वेक्षण, कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था (सीएमएफआरआय). पीएचडीनंतरही काही वर्षं प्रकल्पावरच्या, मुदतीच्या नोकऱ्या धरून चाला. घरात लगेच पगार हवा असेल तर ही वाट नको, हे स्पष्ट सांगतो.

‘पैसे भरा, प्रवाळ लावा’ अशा सहलींना भुलू नका. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे, परवानगीशिवाय तुकडासुद्धा उचलता येत नाही.

सुट्टीत तिला संख्याशास्त्र आणि ‘आर’ ही आकडेमोडीची संगणकभाषा शिकू द्या, ‘आर’ फुकट आहे. महिनाभर आकड्यांशी झटूनही उत्साह टिकला, तर पोर्ट ब्लेअरचा फॉर्म भरा.