जपानच्या शाळेत एएलटी (असिस्टंट लँग्वेज टीचर, म्हणजे इंग्लिश शिकवायला मदत करणारे परदेशी शिक्षक) झाल्यावर स्पीच कॉन्टेस्ट आणि कॉन्फरन्समध्ये नक्की काय करावं लागतं?

कॉन्फरन्सचं टेन्शन अजिबात घेऊ नका. जेट प्रोग्राम (परदेशी लोकांना एएलटी वगैरे म्हणून बोलावणारा जपान सरकारचा कार्यक्रम, १९८७ पासून सुरू आहे) मधून गेलात तर तुमच्या प्रीफेक्चरची (म्हणजे प्रांताची) स्किल डेव्हलपमेंट कॉन्फरन्स असते, त्यात एएलटी आणि जपानी इंग्लिश टीचर एकत्र बसतात, टीम टीचिंग, गेम्स, लेसन प्लॅन वगैरे. भाषणं कंटाळवाणी असतात कधीकधी, पण चहाच्या वेळी शेजारच्या गावातल्या एएलटीकडून जे कळतं ना ते जास्त कामाचं.

खरी मेहनत स्पीच कॉन्टेस्टची. उन्हाळ्याच्या सुट्टीतच प्रॅक्टिस चालू होते, मुलं आधी जपानीत लिहितात, मग त्याचं इंग्लिश, ते तुम्ही दुरुस्त करायचं आणि मग सगळं पाठ, कागद हातात नाही. सगळ्यात जास्त वेळ उच्चारांवर जातो कारण लाइट आणि राइट दोन्हीचं 'राइतो' होतं, आपल्याला र-ल वेगळे असल्यामुळे ही अडचण पटकन लक्षातच येत नाही. आणि प्लीज, त्यांचं इंग्लिश इतकं सुधारू नका की भाषण तुमचंच वाटेल!

मिडलस्कूलवाल्यांची मोठी स्पर्धा म्हणजे ताकामादो ट्रॉफी, १९४९ पासूनची, आधी प्रीफेक्चर मग फायनल टोकियोत.