प्रपातकुंड आणि रांजणखळगा एकच का?

प्रश्न असा होता की भूगोलात 'प्रपातकुंड' आणि 'रांजणखळगा' असे दोन शब्द येतात, दोन्ही म्हणजे पाण्याने पडलेला खड्डाच, मग एकाऐवजी दुसरा वापरला तर चालेल का. माझ्या मते अजिबात नाही, कारण दोन्ही खड्डे पडतात वेगवेगळ्या तऱ्हेने.

प्रपातकुंड फक्त धबधब्याच्या पायथ्याशीच असतं. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरावर थर बसून तयार झालाय, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आणि हे थर सगळे सारखे टणक नाहीत, मधेच भोकाभोकांचा ठिसूळ थर लागतो, कुठे लाल मातीचा पट्टा लागतो. पाणी वरच्या कठीण कातळावरून खाली आपटतं, तुषार आणि उसळणारं पाणी मागचा मऊ थर कोरत जातं, वरचा कातळ पुढे छज्जासारखा अधांतरी राहतो आणि एक दिवस भेगेवर तुटून खाली येतो. ते धोंडे पाण्याबरोबर तळाशी आपटून, घासून खड्डा अजून खोल करतात. आणि यातच धबधबा हळूहळू मागे सरकतो, नायगारा गेल्या 12 हजार वर्षांत सुमारे 11 किलोमीटर मागे गेलाय! रायगड जिल्ह्यात भिऱ्याजवळचं देवकुंड बघा, कड्यावरून पाणी थेट ज्या हिरव्यागार डोहात पडतं ते प्रपातकुंड.

रांजणखळग्याला धबधबा लागतच नाही. नदीच्या खडकाळ पात्रात एखादी छोटी खाच असते, पुराच्या पाण्याला तिथे भोवरा पडतो, त्यात अडकलेले गोटे गरगर फिरत राहतात आणि कातळ आतून गोल गोल घासत नेतात. म्हणून तोंड गोल, भिंती गुळगुळीत आणि बऱ्याचदा तळाशी ते गोटे अजून पडलेले दिसतात. निघोजला कुकडीच्या पात्रात बघा, काय सुंदर कोरीव काम आहे ते! तिथल्या फोटोखाली 'कुंड' लिहिलेलं सर्रास दिसतं, गावाकडे बोलताना लोक कुंडच म्हणतात आणि ते ठीकच आहे, पण भूगोल म्हणून लिहिताय तर रांजणखळगेच लिहा.

आणि 'धबधबा' असताना 'प्रपात' कशाला, तर धबधबा हा आवाजावरून आलेला शब्द, त्याला कुंड जोडून बघा, 'धबधबाकुंड' जिभेवर बसत नाही. प्रपात म्हणजे जोरात खाली पडणं, तो संस्कृत असल्यामुळे कुंडाशी सहज जुळतो. एकटा मात्र धबधबाच वापरा, रोजच्या बोलण्यात प्रपात कोणी म्हणत नाही.