जुनी नक्षीदार घड्याळं घ्यायची आहेत. बंद पडलेलं घ्यावं की दुकानदाराने ‘चालू करून’ दिलेलं?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. लंबकाची जुनी घड्याळं मुंबई-पुण्यात कुठे मिळतात, गुंतवणूक म्हणून ती कशी, आणि शेवटी सहज म्हणून विचारलेली तिसरी. एका दुकानदाराकडे दोन घड्याळं आहेत. एक मळकं आणि बंद, दुसरं पॉलिश करून, नवी तबकडी घालून, चालण्याची हमी देऊन ठेवलेलं. घरचे म्हणतात, बंद घड्याळ घरात आणायचं नाही. मग कोणतं घ्यावं?

मी या तिसऱ्या प्रश्नासाठी लिहितेय. बंद असलेलं घ्या.

‘बंद घड्याळ घरात नको’ या एका वाक्यापायी आमच्या घरातलं घड्याळ गेलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मिरजेच्या आमच्या घरात सोप्यातल्या भिंतीवर गुस्ताव बेकरचं घड्याळ होतं. उभी अक्रोडी पेटी, दोन्ही बाजूंना कातीव खांब, माथ्यावर पंख पसरलेला गरुड, काचेच्या दारामागे दोन पितळी वजनं आणि त्यांच्या मागे लंबक. बेकरचा कारखाना सायलेशियातल्या फ्रायबुर्ग गावी होता. ते गाव आता पोलंडमध्ये आहे. पणजोबांनी ते गिरगावात नोकरीला असताना घेतलं. तेव्हा मुंबईची वेळ वेगळी होती. १९०६ साली देशभर एक प्रमाणवेळ आली, तरी मुंबई कितीतरी वर्षं आपली ३९ मिनिटं मागची वेळ धरून होती. ती पुरती सुटली १९५५ मध्ये. पणजोबा घड्याळ मुंबईच्या वेळेवर ठेवत आणि गावी यायची गाडी पकडताना मनात ३९ मिळवत, असं आजी सांगायची.

रविवारी सकाळी आंघोळ झाली की बाबा किल्ली द्यायचे. दोन्ही वजनं वर यायची, मग आठवडाभर हळूहळू उतरायची. मला कॅलेंडर वाचता येत नव्हतं तेव्हाही वार कळायचा. वजनं खांबांच्या मध्यावर आली की बुधवार-गुरुवार. लंबकाच्या थाळीजवळ पोचली की उद्या सुट्टी.

दर काही वर्षांनी गावातले घड्याळजी यायचे. यंत्र उतरवून, उघडून, धुऊन परत बसवायचे आणि सुईने मागच्या पितळी पाटीवर बारीक अक्षरात तारीख कोरायचे. १९७१ ची एक होती, १९८७ ची एक. १९८७ ला मी त्यांच्या शेजारी कंदील धरून उभी होते. तेल ते सुईच्या टोकावर एक थेंब घेऊन फक्त आसांच्या भोकांत सोडायचे. दात्यांना कधी तेल लावू दिलं नाही. दात्यांवरच्या तेलात धूळ बसते आणि ती धूळच मग पोलादाला घासते, हे मला त्यांनी तेव्हा दाखवलं होतं. आजही लोक खोबरेल आणि शिलाई मशीनचं तेल ओततात आणि वर्षाने ‘घड्याळ गेलं’ म्हणून भंगारात काढतात.

२००६ च्या सुमाराला टोल्यांची बाजू अडकली. बाबा आजारी होते, घड्याळजी वारले होते. वजनं खाली टेकलेली तशीच राहिली. २००८ मध्ये बाबा गेले. दिवसवार झाल्यावर आलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणालं, बंद घड्याळ भिंतीवर ठेवलंत, म्हणून हे असं. दादाने ते मनावर घेतलं. तो वाईट माणूस नाही. त्याने चौकशी करून दुसऱ्या गावातल्या एका जुन्या सामानाच्या कारखानदाराकडे घड्याळ पाठवलं, वर पैसे मोजले, आणि दीड महिन्याने ते ‘नवं होऊन’ परत आलं.

मी पुण्याहून गणपतीला गेले होते. रविवार होता. सवयीने खुंटीवरची किल्ली घेतली, दार उघडलं आणि किल्ली भोकाशी नेली, तर ती कागदावर टेकली. तबकडीवर किल्लीची भोकं छापलेली होती. दोन काळे गोल, भोवती पितळी कडी असल्यासारखी रेघ. मागे सेलवर चालणारी चपटी डबी. लंबक हलत होता तो दुसऱ्या सेलवर. काट्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. वजनं नुसती अडकवलेली. तबकडीवर नाव बेकरचं नव्हतंच, कुठल्या तरी अमेरिकन कंपनीचं होतं. पेटीवर इतकं जाड गडद वॉर्निश की अक्रोडाचे रेषे दिसेनात. आणि आमचं यंत्र? ते ‘मोडीत’ धरून कारखानदाराने ठेवून घेतलं होतं. दादा परत विचारायला गेला, तोवर ते विकलं गेलं होतं.

दादाचं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे. “चालतंय ना? वेळ बरोबर दाखवतंय ना? मग तुझं काय बिघडलं?” आम्ही जवळजवळ वर्षभर बोललो नाही.

माझं काय बिघडलं ते इथे लिहिते, कारण तुमचा दुकानदार तुम्हाला तेच विकायला बघतोय. घड्याळ म्हणजे त्याचं यंत्र. पेटी, गरुड, नक्षी हे सगळं त्या यंत्रासाठी बांधलेलं घर. बंद पडलेलं यंत्र बहुतेक वेळा तीन-चार साध्या कारणांनी बंद असतं. घट्ट झालेलं तेल, लंबक जिला टांगतात ती पातळ पट्टी तुटलेली, पाटीतली भोकं झिजून लांबट झालेली, नाहीतर भिंतीवर पेटी तिरकी. भोकात नवी पितळी बुशी बसवता येते, पट्टी वीस मिनिटांत बदलते, तिरकी पेटी तर फुकट सरळ होते. टिक आणि टॉक यांच्यातलं अंतर कानाला सारखं लागलं पाहिजे. लंगडत असेल तर घड्याळ थांबणारच. घरच्यांना सांगा, घड्याळ दुरुस्तीला आणलंय. त्यात खोटं काही नाही.

त्या वर्षापासून मी ते यंत्र शोधतेय. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. मी रविवारचे किती फेरे घातले त्याला गणती नाही. मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट. तिथली दुकानं शुक्रवारी बंद असतात आणि रस्त्यावर पथारी बाजार भरतो, तेव्हा सुटी यंत्रं, काटे, लंबक, माथ्याची लाकडी फुलं, सगळं ढिगात मिळतं. तुमच्या ‘कुठे’चं उत्तर एवढंच: हीच ठिकाणं. पण त्याआधी आपल्या नात्यात विचारा. कोकणातल्या आणि देशावरच्या कितीतरी घरांत माळ्यावर घड्याळ पडून आहे आणि त्याला कुणी हात लावलेला नाही. हात न लागलेलं असणं हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण.

या फेऱ्यांत मी जे शिकले ते असं. दुकानदाराला आधी यंत्र बाहेर काढून दाखवायला सांगा. कां-कू केली तर चहा पिऊन निघा. यंत्राच्या मागच्या पाटीवर कंपनीचा ठसा असतो. युंगहान्सचा आठ टोकांचा तारा आणि त्यात जे, बेकरचा नांगर आणि जीबी, अमेरिकन अॅन्सोनियाचा गोलात चौकोन आणि त्यात ए. तबकडीवर एक नाव आणि यंत्रावर दुसरं, म्हणजे जोडलेलं घड्याळ. (तबकडीवर मुंबई-कलकत्त्याच्या विक्रेत्याचं नाव असेल तर ती वेगळी गोष्ट. तशी घड्याळं खरी असतात आणि मला तर जास्त आवडतात.) पेटीची मागची फळी बघा. यंत्राची चौकट जिथे बसते तिथे जास्तीची, रिकामी भोकं दिसली तर तिथे आधी दुसरं यंत्र होतं. चार खाचांचा, ज्याला आपण स्टार स्क्रू म्हणतो, तो बाजारात आला १९३० च्या दशकात. १८९० च्या म्हणवणाऱ्या घड्याळात तो दिसला तर कुणीतरी नंतर हात घातलाय. ‘मेड इन जर्मनी’ असा ठसा असेल तर घड्याळ बहुधा १८८७ नंतरचं, कारण परदेशी मालावर देशाचं नाव घालायची सक्ती करणारा कायदा ब्रिटनने त्या साली केला. तबकडी भिंगाखाली धरा. छापील कागद असेल तर बारीक ठिपके दिसतात. चिनीमातीच्या तबकडीला केसासारखी चीर असली तरी घ्या, ती चीर खरी आहे. नव्या कोऱ्या पिवळट सागवानाच्या पेटीत ‘अॅन्सोनिया’ दाखवत असतील तर मी हातही लावत नाही.

मूर्तीवाल्या टेबल घड्याळांबद्दल थोडक्यात. वर बसलेली देवी किंवा शिपाई ब्राँझचा आहे असं सांगतात, पण बऱ्याचदा तो जस्ताच्या मिश्रधातूचा असतो आणि वर मुलामा. बुडाखाली, न दिसणाऱ्या जागी मुलामा घासला गेलेला असेल तिथे बघा. राखाडी दिसलं की जस्त, पिवळं-तांबूस दिसलं की ब्राँझ. जस्ताचंही घ्या, नक्षी सुंदर असते, पण भाव जस्ताचा द्या. नुसती डोळ्यांची हौस असेल तर हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात कुक अँड केल्व्हीचं ते घड्याळ तासाच्या आधी पाच मिनिटं जाऊन बघा. दाढीवाला चिमुकला बाहुला येऊन टोले देतो आणि समोर बसलेली शंभर माणसं श्वास रोखून असतात.

जुन्या बाजारात एकदा खरंच वाटलं होतं की सापडलं. ‘अॅन्सोनिया’ लिहिलेल्या पेटीत बेकरचं यंत्र, दोन वजनांचं. विक्रेत्याने उतरवून दिलं, मी पाटी पदराने पुसली. तारीख कोरलेली होती, पण १९६२ ची, आणि यंत्राचा नंबर दुसराच. दुसऱ्या कुणाच्या तरी घरातलं होतं. मी ते घेतलं नाही. आज वाटतं घ्यायला हवं होतं.

२०१४ मध्ये मी युंगहान्स घेतलं. मळकं, बंद, काचेला तडा, साडेचार हजारांना. पुण्यातल्या एका म्हाताऱ्या घड्याळजींनी चार महिने लावले. पेटीला मी फक्त कोरडं फडकं आणि थोडं मेण लावलं. तेव्हापासून ते माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी चालू आहे. आठवड्याला दोन मिनिटं मागे पडतं, मी किल्ली देताना पुढे करते. दादा पहिल्यांदा आला तेव्हा जेवताना आठ वाजले. तो घास हातात धरून आठही टोले ऐकत राहिला आणि म्हणाला, “आपल्याचा आवाज याच्यापेक्षा जरा खालचा होता.” बरोबर होतं. आपल्याचा आवाज खालचा होता. तरी पानावरून उठता उठता त्याने परत विचारलंच, दोन मिनिटं मागे पडणाऱ्या घड्याळाला एवढे पैसे का घातले म्हणून.

गुंतवणुकीचं राहिलं. गुंतवणूक करायची असेल तर सोनं घ्या. घड्याळ विकताना जाणकार गिऱ्हाईक मिळायला वर्षं जातात, मधे दुरुस्तीचा खर्च असतो, आणि शंभर वर्षांवरची कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तुमचा अमेरिकेतला भाऊ सामानात घालून नेईन म्हणत असेल तर त्याला आधीच थांबवा.

आणखी दोन गोष्टी, आधी सांगायला हव्या होत्या. घरी आणताना लंबक आणि वजनं काढून वेगळी गुंडाळा, नाहीतर वाटेतच ती पातळ पट्टी तुटेल. पेटीच्या कोपऱ्यातून पीठ गळत असेल तर लाकडात किडा जिवंत आहे. असं घड्याळ बाकीच्या लाकडी सामानाजवळ ठेवू नका. आणि सेलवरच्या यंत्राला माझा सरसकट विरोध आहे असं नाही. मूळ यंत्र खरोखर हरवलं असेल, पेटी रिकामी असेल, तर बसवा, पण छापील भोकांची तबकडी नको. मूळ यंत्र हाताशी असताना मात्र ते कुणाला ‘मोडीत’ देऊ नका. दुरुस्तीला पैसे नसतील तर जुन्या सुती कापडात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवा. दादाने एवढं केलं असतं तरी पुरलं असतं.

तुम्ही बाजारात फिरणारच आहात म्हणून विचारते. बेकरचं दोन वजनांचं यंत्र, नंबर तेरा लाखांच्या घरातला, मागच्या पाटीवर खालच्या डाव्या कोपऱ्यात सुईने कोरलेल्या तारखा, १९७१ आणि १९८७. सातच्या मधल्या आडव्या रेघेसकट. कुठल्याही नावाच्या पेटीत असलं तरी चालेल, चालू असो की बंद. दिसलं तर इथेच खाली लिहा, मी त्याच दिवशी निघेन.