५ इंची तयार चौकोनांपासून गोधडीसाठी तिरक्या पट्ट्यांचा ब्लॉक (तुकडे जोडून केलेला मोठा चौकोन) कसा जोडू? त्रिकोण ताणले जातात आणि टोकं जुळत नाहीत.

तुम्ही चौकोन आधी कर्णावर कापले आणि सुटे त्रिकोण जोडायला घेतलेत, असं प्रश्नावरून दिसतंय. उरलेले चौकोन अजून कापले नसतील तर कात्री बाजूला ठेवा. या कामात टीप आधी, कापणं नंतर.

सुती कापड उभ्या-आडव्या धाग्याच्या दिशेने फारसं ताणलं जात नाही, पण कर्णाच्या दिशेने चांगलंच ताणलं जातं. ब्लाउजच्या गळ्याची पट्टी म्हणूनच क्रॉस कापतात, ती वळणावर नीट बसते. सुट्या त्रिकोणाची लांब बाजू नेमकी तशीच क्रॉस असते. मशीनचे दाते ती ओढतात आणि टीप संपेपर्यंत ती लांबलेली असते.

म्हणून एक रंगीत आणि एक साधा चौकोन सुलट बाजू आत ठेवून एकमेकांवर ठेवा. वरच्या चौकोनाच्या उलट बाजूवर पेन्सिलीने कर्ण आखा. त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव इंचावर टीप घाला आणि मग रेषेवर कापा. उघडलंत की अर्धे रंगीत, अर्धे साधे असे दोन चौकोन हातात येतात. पाकिटात मिळणाऱ्या अशा तयार चौकोनांच्या कडा बहुधा कंगोरेदार असतात. त्या सरळ करत बसू नका, नुसती टोकं जुळवा. आणि हे चौकोन धुऊ नका, कडा उसवतात.

मिळालेला चौकोन साधारण ४ इंच ५ सूत भरतो (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). तो छाटून बरोबर साडेचार इंच करा. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण टोकं जुळणं सगळं हिच्यावरच आहे. रूलरवरची ४५ अंशांची रेघ शिलाईवर बसवा, दोन बाजू छाटा, चौकोन फिरवा, उरलेल्या दोन छाटा. तसा रूलर नसेल तर जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा साडेचार इंची चौकोन कापून त्यावर कर्ण आखला तरी चालतं. छाटण्याआधी इस्त्री दाबून उचलायची, फिरवायची नाही. वाफही नको.

चौकोनांच्या चारही कडांना टीप घालून मग दोन्ही कर्णांवर कापायची युक्ती व्हिडिओंमध्ये फार दिसते. एका जोडीतून चार तुकडे मिळतात खरे, पण त्या तुकड्यांच्या बाहेरच्या चारही कडा क्रॉस असतात. तुमची आत्ताची तक्रार तिथे चौपट होईल. मी ती वापरत नाही.

आता मांडणी. एका ब्लॉकला छाटलेले १६ दुरंगी तुकडे लागतात, म्हणजे सुरुवातीचे ८ रंगीत आणि ८ साधे चौकोन. चार ओळी, प्रत्येकीत चार. सगळे तुकडे एकाच दिशेने ठेवलेत तर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी येते, पट्टे येत नाहीत. सलग तिरक्या पट्ट्यांसाठी प्रत्येक तुकडा शेजारच्याच्या तुलनेत अर्धा फेरा फिरवायचा, ओळीतही आणि खाली-वरही, म्हणजे रंगाला रंग आणि साध्याला साधं भिडतं. पाव फेरा फिरवलात तर नागमोडी होईल. जमिनीवर मांडून मोबाईलवर कृष्णधवल फोटो काढून बघा. रंगीत चौकोनांपैकी जो फोटोत साध्या कापडाइतकाच फिका दिसेल तो बदला, नाहीतर पट्टा तिथे तुटल्यासारखा वाटतो.

आपल्या गोधडीत ठिगळाची कड आत दुमडून ते खालच्या कापडावर धावदोऱ्याने बसवतात. इकडे-तिकडे झालं तरी खालचं कापड सांभाळून घेतं. इथे खाली काहीच नसतं. प्रत्येक टिपेत अर्धा सूत जास्त कापड आत गेलं तर दोन्ही बाजू मिळून एक सूत गेलं, आणि चार तुकड्यांच्या ओळीतल्या तीन टिपांत तीन सूत. म्हणून सुरुवातीलाच मशीन तपासा. दीड-दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी-शेजारी जोडा. मधली पट्टी बरोबर एक इंच उरली पाहिजे. कमी उरली तर टीप कडेच्या जवळ आणा, जास्त उरली तर आत घ्या, आणि जमलेल्या जागी मशीनच्या पाट्यावर चिकटपट्टी लावून ठेवा. जुन्या काळ्या मशीनच्या फूटच्या कडेवर विसंबू नका.

ओळी जोडताना पहिल्या ओळीच्या शिलाया इस्त्रीने उजवीकडे दाबा, दुसरीच्या डावीकडे, तिसरीच्या पुन्हा उजवीकडे. समोरासमोर ठेवल्यावर त्या एकमेकींत अडकून बसतात. प्रत्येक जोडावर टाचणी लावा. टाचणीवरून मशीन चालवू नका, जवळ आली की काढा.

असा ब्लॉक जोडल्यावर साडेसोळा इंच भरतो, कडेच्या टिपा गेल्या की १६. चार ब्लॉक जोडलेत तर ३२ इंची दुपटं होतं, त्याला ३२ रंगीत चौकोन लागतील. पाकिटात बहुधा ४२ असतात, म्हणजे कापून बिघडलेले भरून काढायला दहा हाताशी राहतात. साध्या चौकोनांसाठी पाऊण मीटर पॉपलीन पुरतं. ते मात्र धुऊन, हलकी खळ देऊन मगच कापा. मलमल घेऊ नका, आतल्या शिलाया वरून दिसतात.