जुनी बलेनो अल्टुरा घ्यावी का?

प्रश्न: आम्ही मुलुंडला राहतो, दोन मुलं, सासूबाई, आणि गणपतीत कोकणात जायचं म्हणजे सामानाचा डोंगर. ओळखीत २००५ची मारुती बलेनो अल्टुरा (जुन्या बलेनो सेडानचीच, मागे मोठी डिकी असलेली स्टेशन वॅगन) मिळतेय, मिस्टर म्हणतात एवढी जुनी नको. काय करू?

उत्तर: ताई, मागची सीट पाडली की जागा भरपूर होते, मोह होणारच. पण आधी कागद बघा. १५ वर्षं कधीच उलटलीत म्हणजे आरसी दर ५ वर्षांनी रिन्यू करायची, फिटनेस आणि ग्रीन टॅक्ससकट, तर सध्याची व्हॅलिडिटी बघूनच भाव करा. मग डिकीतलं कार्पेट उचला, स्टेपनी काढा आणि त्या खड्ड्यात बोट फिरवा. ओल किंवा तांबूस चुरा हाताला लागला तर बहुतेक मागच्या दाराचं रबर गेलंय आणि आपल्या पावसात पत्रा सडायला लागलाय, अशी गाडी मी तर सरळ सोडून देईन. इंजिन १.६ लिटरचं पेट्रोल, दणकट आहे, पण त्याला टायमिंग बेल्ट (इंजिनाचे भाग जुळवून फिरवणारा रबरी पट्टा) आहे, बदलल्याचं बिल नसेल तर बदललाच नाही असं धरून चाला. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, म्हणून पेट्रोलचे जुने रबरी पाइपही बघून घ्या. मेकॅनिकल पार्ट बरेचसे सेडान बलेनोचेच चालतात, पण मागची काच फक्त अल्टुराची, ती कुर्ल्याला सीएसटी रोडवर शोधत फिरावं लागेल, तिला तडा असेल तर आत्ताच भाव पाडा.